आधी कागद, मग सोफा: निर्वासित कुटुंबाचे मेंटर होताना

टोरोंटो-मिसिसॉगाकडची आपली मंडळी नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबाची मेंटर होतात, तेव्हा पहिला उत्साह भांडी, रजया आणि कुणाचा तरी जुना सोफा गोळा करण्यात खर्ची पडतो. सोफा महिनाभर उशिरा आला तरी चालेल. अर्जांच्या तारखा चुकल्या तर निस्तरायला वर्षं जातात.

पहिल्या भेटीत ‘कन्फर्मेशन ऑफ परमनंट रेसिडेन्स’ हा कायम वास्तव्याचा (पीआर) कागद मागून घ्या आणि अक्षर न् अक्षर वाचा. बऱ्याच अफगाणांना एकच नाव असतं, ते आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी लिहिलेली असते. एकाच घरात तिघांचा वाढदिवस त्या दिवशी निघाला तर दचकू नका. खरी चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच टाका. नसेल तर सिन (सोशल इन्शुरन्स नंबर), ओहिप कार्ड (ऑन्टारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं), बँक, शाळा, सगळीकडे तेच स्पेलिंग. एका कागदावर ‘मोहम्मद’ आणि दुसऱ्यावर ‘मोहमद’ झालं की भत्ता अडकतो, आणि का अडकलाय ते फोनवर कुणी धड सांगत नाही.

सिन ‘सर्व्हिस कॅनडा’ या सरकारी कार्यालयात फुकट मिळतो. ‘काढून देतो’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर समजून जा. मुलं असतील तर त्याच आठवड्यात बालभत्त्याचा आरसी ६६ फॉर्म, सोबत उत्पन्नाची पुरवणी. कमाई शून्य असली तरी नवरा-बायको दोघांनीही दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत टॅक्स रिटर्न भरायचं. हे हटकून राहतं, मग जुलैत भत्ता बंद होतो आणि घरात घबराट. पीआर कार्ड पोस्टाने येतं, पण पत्ता १८० दिवसांत कळवला नसेल तर नव्याने अर्ज आणि फी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवरा, बायको किंवा अवलंबून असलेलं मूल मागे राहिलं असेल, आणि निघण्यापूर्वीच्या अर्जात त्यांची नावं दिलेली असतील, तर त्यांना ‘वन इयर विंडो’खाली आणता येतं. अर्ज मुख्य अर्जदार कॅनडात उतरल्यापासून एका वर्षाच्या आत पोचला पाहिजे. लोक आपणहून हा विषय काढत नाहीत. ताटातूट दुखरी असते, शिवाय सरकारला सांगितलं तर काही बिघडेल ही धास्ती. म्हणून पहिल्या महिन्यातच हळूच, पण स्पष्ट विचारा. अर्जात नाव नसेल तर स्वतः डोकं लढवू नका, थेट इमिग्रेशन वकील किंवा लीगल एड (कमी उत्पन्नवाल्यांसाठी कायदेशीर मदत).

तितकंच गंभीर: मायदेशाचा पासपोर्ट काढणं किंवा आजारी आईला भेटायला तिकडे जाणं. २०१२ च्या कायदाबदलापासून यातून निर्वासित दर्जाबरोबर पीआरही जाऊ शकतं. नागरिकत्व मिळेपर्यंत प्रवास निर्वासितांच्या ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर, तोही मायदेश सोडून.

घर भाड्याने घेताना ऑन्टारियोत घरमालक शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो, ‘डॅमेज डिपॉझिट’ नाही. नवख्यांकडून ते सर्रास मागितलं जातं. आणि स्मोक अलार्म! फोडणीने तो बोंबलतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बॅटरी काढून ठेवायची नाही, आधी एग्झॉस्ट लावायचा, हे स्वयंपाकघरात उभं राहून दाखवा.

पाकिस्तानात राहून आलेल्या अफगाणांशी आपल्या हिंदीवर गप्पा छान रंगतात, पण दवाखान्यात तेवढ्यावर भागवू नका. दहा वर्षांच्या मुलीला आईच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरांना सांगायला लावणं तर अजिबात नको. अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा मागा. स्त्री हवी असेल तर तेही तेव्हाच सांगा.

कार्यालयांना, दवाखान्याला फोन पहिल्यांदा तुम्ही करा, स्पीकरवर. दुसऱ्यांदा त्यांनी बोलायचं, तुम्ही नुसतं शेजारी बसायचं. बँकेचा पासवर्ड मात्र त्यांनी आग्रहाने दिला तरी घेऊ नका, आणि उसने पैसेही देऊ नका. तुम्हाला मेंटर नेमणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाला कळवा, अडीनडीची सोय कुठे होते ते त्यांना माहीत असतं.