एका अपिलाचा पाठपुरावा

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला इनलँड एम्पायर म्हणून जो पट्टा आहे, तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवते. मैलोन्‌मैल गोदामं, ट्रकांची रांग आणि रणरणतं ऊन असा हा मुलूख. कॅलिफोर्नियात अशी शंभराहून जास्त सरकारी दोन वर्षांची कॉलेजं आहेत. प्रवेश सगळ्यांना खुला, फी युनिटला (म्हणजे विषयाच्या श्रेयांकाला) ४६ डॉलर, आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर तीही माफ. पुढे दोन वर्षं विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करता येते. थेट एमएसला येणाऱ्या आपल्या मुलांचा या कॉलेजांशी फारसा संबंध येत नाही, म्हणून एवढं आधी सांगितलं.

आमच्याकडे 'उमोजा' चालतो. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीचा हा कार्यक्रम राज्यातल्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत आहे. त्यात वेगळे काउन्सेलर असतात, काही वर्ग एकत्र असतात आणि बसायला हक्काची एक खोली असते. मुलग्यांसाठी मेंटॉर हवेत म्हणून शिक्षकांना आवाहन केलं होतं, कारण एक-दोन सत्रांत गळून जाणाऱ्यांत तेच जास्त होते. मी नाव दिलं. तिथले काउन्सेलर स्वतः कृष्णवर्णीय, स्वतः कम्युनिटी कॉलेजातून वर आलेले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "यांना भाषणं भरपूर मिळालीत. तुम्ही फोन करा. नाही उचलला तर परत करा." सॅन दिएगो स्टेट विद्यापीठात ल्यूक वुड आणि फ्रँक हॅरिस यांनी कम्युनिटी कॉलेजांतल्या याच मुलांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचंही सांगणं हेच, की विद्यार्थी मदत मागायला येईल म्हणून वाट पाहत बसू नका, तुम्ही त्याच्यापर्यंत जा. आधी नातं, मग शिकवणं.

माझ्या वाट्याला आलेला मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. कॉलेज सोडून बसलेला. पहिल्या सत्रात त्याने १२ युनिटं घेतली, ९ पास झाला. दुसऱ्या सत्रात पुन्हा १२ घेतली आणि मध्येच सगळी सोडली. फोनवर म्हणाला, "कॉलेज माझ्यासाठी नाहीये, प्रोफेसर." मी म्हटलं, ठीक आहे, पण एकदा येऊन जा, कागद तरी बघू.

कागद बघितले तेव्हा लक्षात आलं की अभ्यासाचा यात काही संबंधच नव्हता. गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्र सरकारची पेल ग्रँट चालू राहायला गुणांची सरासरी साधारणपणे ४ पैकी निदान २ लागते, आणि घेतलेल्या युनिटांपैकी ६७ टक्के पूर्ण करावी लागतात. सोडलेला विषय गुणांत धरत नाहीत, पण 'घेतलेल्या'त धरतात. याची २४ पैकी ९ झाली होती, म्हणजे साडेसदतीस टक्के. ग्रँट बंद. शिवाय सत्राचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळे विषय सोडले, तर मिळालेल्या ग्रँटचा काही भाग परत द्यावा लागतो. ती रक्कम थकबाकी म्हणून नावावर चढली होती. आणि हे सगळं कळवलं होतं कॉलेजच्या ईमेलवर, जी तो कधीचा उघडत नव्हता. त्याची समजूत अशी की आपल्याला काढून टाकलंय.

प्रत्यक्षात अपील करता येतं. काय घडलं, त्याचा पुरावा, आणि आता काय बदललंय, एवढं लिहायचं; सोबत काउन्सेलरने आखून दिलेला अभ्यासक्रमाचा आराखडा जोडायचा.

त्याने पत्राचा पहिला खर्डा मोबाइलवर लिहून आणला. चार ओळी. मी गंभीरपणे घेतलं नाही, चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफ करा. मी विचारलं, "गंभीरपणे घेतलं नाहीस म्हणजे तू करत काय होतास?" तो बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. आईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चारेक तास. ने-आण हाच करायचा. रात्री गोदामात पाळी, पहाटे घरी, आईला सोडायचं, त्यात सकाळचा वर्ग. मग हे का नाही लिहिलंस? तर म्हणाला, "आईचं दुखणं दाखवून पैसे मागायचे का?" घरातलं चव्हाट्यावर आणायचं नाही, हे आमच्या साताऱ्याच्या घरातही असंच होतं, त्यामुळे मला ते समजावून घ्यावं लागलं नाही. पण ज्या मुलाने एवढं निभावलं, त्याने स्वतःला बेफिकीर म्हणवून घ्यावं आणि कार्यालयाने ते तसंच फायलीत लावावं, हे मला सहन होईना. आईला विचार, एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आईचाच फोन आला. डायलिसिस केंद्राकडून पत्र त्यांनीच मागवून घेतलं.

'आता काय बदललंय' हा रकाना मात्र रिकामाच होता, कारण खरोखर काहीच बदललं नव्हतं. इथे मदत झाली बेसिक नीड्स सेंटरची. २०२१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजला असं केंद्र उघडावं लागलं. धान्य, घरभाडं, सरकारी योजना असल्या गोष्टींसाठी. तिथल्या बाईंनी विचारलं, आईला मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा आरोग्यविमा, आहे का? आहे. मग डायलिसिसला न्यायला-आणायला गाडी त्यातूनच मिळते. इतके महिने हे त्या घराला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी सुरू झाली, गोदामातली पाळी त्याने शनिवार-रविवारवर घेतली, आणि रकाना खऱ्या मजकुराने भरला.

अर्ज द्यायला मी सोबत गेले. खिडकीवरच्या व्यक्तीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग सगळे प्रश्न मलाच विचारायला सुरुवात केली. मी म्हटलं, विद्यार्थी हे आहेत, यांना विचारा, आणि दोन पावलं मागे सरले. त्याने पहिलं उत्तर अगदी हळू आवाजात दिलं. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापर्यंत आवाज नीट आला होता. तरीही अर्ज 'अपूर्ण' म्हणून परत आला, आराखड्यावर सही नव्हती म्हणून. एकटा असता तर तो तिथूनच घरी गेला असता, हे त्यानेच नंतर सांगितलं. सही घेऊन पुन्हा दिला. थकबाकीचे हप्ते बांधून घेतले. काही आठवड्यांनी अपील मंजूर झालं. अट एकच, आराखड्यातला प्रत्येक विषय पास व्हायचा.

सगळं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि ते तसं असूही नये. गाडी अडवून पोलिसांनी चौकशी केली त्या दिवशी तो वर्गात आला, पण वही उघडली नाही. त्यावर बोलायला उमोजातले काउन्सेलरच हवेत. एका मराठी बाईने तिथे सल्ला द्यायला जाऊ नये. मेंटॉर शिक्षक कितीही मिळाले, तरी अशा कॉलेजांत कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक आणि काउन्सेलर नेमलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत झालंय. उमोजाच्या खोलीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले विचारवंत ड्यू बॉइस यांचं चित्र आहे. १९४६ साली आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, हे मी मुलांना सांगितलं तेव्हा आंबेडकरांबद्दल इतके प्रश्न आले की तो तास त्यातच गेला.

स्टॅटिस्टिक्सला तो माझ्याच वर्गात बसला. त्याच्या थोरल्या चुलतभावाला याच गणिताने घरी बसवलं होतं. तेव्हा प्रवेशाच्या चाचणीवरून मुलांना पदवीत न धरल्या जाणाऱ्या पायाभूत वर्गांत टाकत, एकामागून एक, आणि त्यात कृष्णवर्णीय मुलं फार अडकत. २०१७ च्या कायद्याने ते बदललं. आता बहुतेकांना थेट विद्यापीठात चालणाऱ्या गणिताच्या वर्गात बसता येतं. पहिल्या चाचणीला याला कमी पडले. मी शेऱ्यात लिहिलं, पद्धत बरोबर आहे, सोमवारी ऑफिसात ये. आला नाही. मंगळवारी मीच उमोजाच्या खोलीत वही घेऊन जाऊन बसले. पुढच्या सोमवारपासून तो आपणहून येऊ लागला, मग सोबत एक मित्रही.

परतल्यावर त्याने पहिल्या सत्रात ७ युनिटं घेतली, ७ पास. पुढच्यात १२ पैकी १२. हिशेब केला तर ४३ पैकी २८, म्हणजे ६५ टक्के. उन्हाळ्यात ३ युनिटांचा एक विषय घेऊन ४६ पैकी ३१ झाली. ६७.४. ही आकडेमोड त्याने फळ्यावर स्वतः केली, आणि खोलीत बसलेल्या दोघांनी लगेच आपापल्या युनिटांचा हिशेब त्याच्याकडून करून घेतला.

आता इथून विद्यापीठात जाण्याच्या अर्जांचं चाललंय. कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी विद्यापीठांचे अर्ज १ ऑक्टोबरला उघडतात. त्याला अटलांटातलं मोरहाऊस, कृष्णवर्णीय मुलग्यांचं जुनं कॉलेज, खुणावतंय. आईचं म्हणणं, घराजवळचं कॅल स्टेट घे. आईला एकटीला सोडून जायचं का, हा प्रश्न त्याने मला विचारला नाही, काउन्सेलरना विचारला. मला सांगितलं ते इतकंच, की दोन्हीकडे अर्ज करतोय, आणि मोरहाऊसच्या अर्जासोबतचा निबंध या वेळी आईच्या डायलिसिसवरच लिहितोय.