एक घसरला तर दुसराही जाणार ना?

आल्प्समध्ये आठवडाभर धारांवर (डोंगराच्या अरुंद कण्यांवर) चढाई करायची, तीही एखाद्या जुन्या मित्राबरोबर, असं म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. दोघंही एकाच दोराला बांधलेले आणि दोघंही एकाच वेळी चालणार. मग एक घसरला तर दुसऱ्याला ओढून नेणार ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सरळच सांगतो: हो, नेणार. दोघांच्या मधला दोर कातळात कुठेच अडकलेला नसेल, तर दोघंही जाणार. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर करून उतरताना सातही जण एकाच दोरात होते. त्यांतला हॅडो घसरला आणि त्याच्याबरोबर क्रॉझ, हडसन आणि डग्लस खेचले गेले. डग्लस आणि थोरल्या टाउगवाल्डरच्या (बाप-लेक वाटाड्यांतल्या बापाच्या) मधला दोर तुटला, म्हणून वरचे तिघं वाचले.

मग एकाने थांबून बिले द्यावं, म्हणजे दोर धरून जोडीदाराला सांभाळावं, आणि दुसऱ्याने चढावं, असं पूर्ण धारेवर का करत नाहीत? ६०० मीटर लांबीच्या धारेचे ४० मीटरचे टप्पे पाडले तर पंधरा होतात. एका टप्प्याला वीस ते तीस मिनिटं धरा. पाच ते साडेसात तास तिथेच गेले. उतरणं अजून बाकीच. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे अनेकदा विजांचं वादळ उठतं आणि धारेवर आपण सगळ्यात उंच जागी उभे असतो. तिथे वेग हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

म्हणून दोघं एकत्रच चालतात, पण दोर आखूड करतात. ४० मीटरच्या दोरातला बारा-तेरा मीटर प्रत्येकाने स्वतःच्या अंगावर घ्यायचा. दोर एका खांद्यावरून आणि दुसऱ्या काखेखालून फिरवत वेढे घ्यायचे. प्रत्येक वेढा कमरेपर्यंत पोचेल एवढाच, लांब नको. मग दोराचा दुपदरी फासा सगळ्या वेढ्यांखालून काढून गाठ मारायची आणि तो लॉकच्या कॅराबिनरने (धातूच्या कडीने) हार्नेसच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या, बिले लूपला (पुढच्या मजबूत फाशाला) अडकवायचा. ही गाठ मारायची राहिली तर झटका बसताच वेढे छातीभोवती आणि गळ्याभोवती आवळतात. थंडीत, घाईत, हातमोजे घालून हीच पायरी सुटते. एकमेकांची गाठ बघितल्याशिवाय निघूच नका.

आता मधे पंधराएक मीटर उरतो. पुढे चालणारा हा दोर शिंगासारख्या वर आलेल्या दगडामागून नेतो, एक सुळका डावीकडून तर पुढचा उजवीकडून ओलांडतो, जिथे दोर असा अडकवता येत नाही तिथे १२० सेंटिमीटरची स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फासा) दगडाला टाकतो किंवा नट (भेगेत अडकवायचा धातूचा तुकडा) बसवतो. दोघांच्या मधे कायम दोन-तीन भक्कम जागा हव्यात. मागच्याने शेवटची काढण्याआधी पुढच्याने नवी घातलेली असली पाहिजे. दगडाला आधी हाताने ठोकून बघायचं, पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. दोर ढिला लोंबला तर तो सुटे दगड पाडतो, तेही बहुतेकदा मागच्याच्याच डोक्यावर.

एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते: मागच्याचं पडणं जास्त वाईट. पुढचा चढत असताना खालून अचानक झटका येतो आणि तो शेवटच्या नटपर्यंत खेचला जातो. त्यामुळे अवघड जागी, चार पावलांचीच असली तरी, एकाने थांबून बिले द्यायचं. दोघांतला कमी सराईत चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे दोन्ही वेळा खालीच.

बर्फाच्या अरुंद धारेवर नट बसवायला जागा नसते. तिथे दोराचे दोन-तीन वेढे हातात ठेवतात आणि एक जण डावीकडे पडला तर दुसऱ्याने उजवीकडे उडी मारायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण धारेवर तराजूसारखा तोल मिळतो. हातातले वेढे मनगटाभोवती मात्र कधीच गुंडाळू नका. एकसंध कठीण बर्फाच्या उतारावर हाही उपाय चालत नाही. तिथे आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचे पोकळ स्क्रू) लावून टप्पे पाडायचे, नाहीतर दोर सोडून स्वतंत्र चालायचं. मधला मार्ग नाही.

आठवड्याची आखणी त्यावरूनच ठरते. पहिले दोन दिवस कमी उंचीच्या कातळावर, दोराची सवय करायला. मग ३००० मीटरच्या आसपास मुक्काम आणि एक छोटी धार. त्यानंतर एक दिवस मोकळा. मोठी धार पाचव्या-सहाव्या दिवशी, तीही हवामान देईल त्या दिवशी. पहाटे तीन-चारला निघायचं.

जुना मित्र इथे उपयोगी पडतो तो आवाज पोचत नाही तेव्हा. वाऱ्यात पंधरा मीटरवरची हाकही फुटते आणि 'दोर सोड' व 'दोर घे' सारखंच ऐकू येतं. म्हणून खालीच ठरवायचं: हाकेआधी नाव आणि प्रत्येक कामाला एकच शब्द. हाक पोचलीच नाही, तर वरच्याने दोर पूर्ण ताणून घेईपर्यंत बिले सोडायचं नाही. जुन्या जोडीदाराला दोर कसा सरकतोय यावरूनही पुष्कळ कळतं. हळूहळू सरकत थांबला, तर पुढे अवघड जागा आहे. भराभर तीन-चार मीटर वर गेला आणि मग एका लयीत घेतला जाऊ लागला, तर वरचा अँकरला, म्हणजे दोर पक्का बांधायच्या जागी, पोचलाय.