डिप्परचा स्विच काढताना

रात्रीची वेळ, पुढे वळण. समोरून गाडी येताना दिसली म्हणून मी स्टिअरिंगजवळची दांडी हलवून अप्परचा (लांबवर जाणारा झोत) डिप्पर (जवळ, खाली पडणारा झोत) केला आणि दोन्ही हेडलाइट गपकन गेले. दांडी परत ओढली तेव्हा कुठे अप्पर लागला. मधली दोन-तीन सेकंदं रस्ता नुसत्या अंदाजाने काढली. घरी पोचल्यावर दांडीच्या मुळाशी बोट लावलं तर प्लॅस्टिक चांगलंच तापलेलं. बल्ब ठीक होते, फ्यूज शाबूत होते. दांडी अर्ध्यावर धरून ठेवली की डिप्पर लागायचा, सोडली की जायचा. शिवाय महिनाभर वळण संपलं तरी डावा इंडिकेटर आपोआप बंद होत नव्हता. दोन्ही खोडी एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या, दिवे आणि इंडिकेटर दोन्ही सांभाळणाऱ्या, स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचकडे.

गाडी माझ्या वडिलांनी घेतलेली, पंचवीस वर्षांहून जुनी, एअरबॅग नसलेली. एअरबॅग नाही हे आधी सांगतो, कारण ती असलेल्या गाडीत हे काम पूर्ण वेगळं असतं. बॅटरी सोडल्यावर त्या गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबावं लागतं, हाताळण्यात चूक झाली तर बॅग माणसाच्या तोंडावर फुटू शकते, आणि स्टिअरिंगखाली वायरची गुंडाळलेली नाजूक पट्टी असते ती तुटते. तशी गाडी असेल तर कृपया माहीतगाराकडेच न्या.

सुरुवात बॅटरीच्या मायनसची वायर काढून केली. पुढची चाकं सरळ केली आणि किल्ली इग्निशनमध्येच राहू दिली, म्हणजे स्टिअरिंग लॉक पडणार नाही. हॉर्नचं पॅड क्लिपांवर बसलेलं होतं, दोन्ही हातांनी सारखं ओढल्यावर निघालं. त्याखाली 19 च्या पान्याचा नट दिसला. दुसऱ्या गाड्यांत हा 17, 21 किंवा 22 चाही असतो.

नट सोडवताना स्टिअरिंग फिरू नये म्हणून बरेचजण ते लॉकवर ठेवतात. तसं करू नका. लॉकची जीभ लहान असते, लांब पान्याचा सगळा जोर तिच्यावर येतो आणि ती वाकली तर पुढे भलतंच काम निघतं. माझी मुलगी शेजारच्या सीटवर बसून स्टिअरिंग घट्ट धरून होती. नट सैल झाला, पण तो मी पूर्ण काढला नाही, चार-पाच आट्यांवर तसाच ठेवला. अडकलेलं स्टिअरिंग सुटतं तेव्हा झटक्याने सुटतं, आणि नट नसेल तर ते थेट छातीवर येतं. मग शाफ्ट (स्टिअरिंग ज्यावर बसतं तो दांडा) आणि स्टिअरिंग यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारली. शाफ्टवर बारीक खाचा असतात. समजा 36 खाचा आहेत, तर बसवताना एक खाच इकडेतिकडे झाली तरी स्टिअरिंग 10 अंश तिरकं दिसणार.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्टिअरिंग हाताने हलेना. अशा वेळी शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायचा मोह होतो, आणि ते करताना मी पाहिलेलंही आहे. पण अपघातात स्टिअरिंग चालकाच्या छातीत घुसू नये म्हणून बऱ्याच गाड्यांचा कॉलम, म्हणजे शाफ्ट ज्यात असतो तो खांब, दबून आखूड होईल असा केलेला असतो. आतले भाग प्लॅस्टिकच्या छोट्या पिनांनी जागेवर धरलेले असतात, त्या धडकेत तुटाव्यात म्हणूनच. हातोडीच्या ठोक्यांनीही त्या तुटू शकतात. मग गाडी वरवर ठीक चालते, पण कॉलममध्ये खेळ येतो आणि जीव वाचवणारी रचना आधीच मोडून बसलेली असते. म्हणून हातोडी नको म्हणजे नकोच.

आदल्या रात्री खाचांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. माझ्या स्टिअरिंगला नटाच्या दोन बाजूंना आट्यांची दोन भोकं होती, पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं स्क्रूचं हत्यार) लावण्यासाठीच दिलेली. पुलरचे बोल्ट त्यात सहा-सात फेरेच बसवले. जास्त आत गेले की ते पलीकडे निघून स्विचच्याच छाताडात घुसतात. मधला स्क्रू हळूहळू आवळत गेलो. पाव फेरा, थांबा, पुन्हा पाव फेरा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला आणि स्टिअरिंग नटापाशी येऊन थांबलं. मुलगीच दचकली, "बाबा, मोडलं का काही?" नाही, सुटलं होतं.

कॉलमच्या कव्हरचे स्क्रू खालून असतात. दोन लांब, तीन आखूड होते. कोणता कुठला हे कागदावर कव्हरचं चित्र काढून त्यातच टोचून ठेवले. आखूडाच्या जागी लांब लावला तर वायरला टोचू शकतो. स्विचला तीन स्क्रू. तिसरा इग्निशनच्या नळकांड्याआड होता, त्याला बुटका स्क्रू ड्रायव्हरच लागतो. जुने फुलीचे स्क्रू लगेच गुळगुळीत होतात, त्यामुळे ड्रायव्हर तंतोतंत मापाचा घेतला आणि आधी दाब, मग फिरवणं, असं केलं.

कनेक्टर काढण्याआधी फोटो काढले. इतक्या वर्षांचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं, म्हणून केस वाळवायच्या ड्रायरने थोडं ऊबदार केलं, लॉक दाबलं आणि वायर न ओढता कनेक्टरचं अंगच धरून ओढलं. वायरच्या टोकाला एक लांब दोरी बांधली, मग स्विच बाहेर काढला. दोरी कॉलममध्ये राहिली आणि नव्या स्विचची वायर त्याच वाटेने ओढून घेता आली. यामुळे निदान अर्ध्या तासाची कटकट वाचली.

जुना स्विच पांढऱ्या फडक्यावर उघडला. झाकण निघताच बारीक स्प्रिंग उडून मुलीच्या मांडीवर पडली, तिने ती लगेच डबीत टाकली. डिप्परच्या पितळी पट्टीवरचा ठिपका काळा पडलेला, मधे खड्डा. आजूबाजूचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन रिव्हेटभोवती ओघळलं होतं, आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून येत होता. इंडिकेटर परत आणणारं प्लॅस्टिकचं नाकही झिजून गोल झालेलं.

हे का झालं याचा हिशोब सोपा आहे. डिप्परचे दोन बल्ब प्रत्येकी 55 वॉटचे, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 9 अॅम्पिअर. माझ्या गाडीत रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) नव्हता, तो सगळा प्रवाह या इवल्या पट्टीतून जायचा. खोलायच्या आधी दांडी धरून दिवा लावून कनेक्टरवर मोजलं, तर स्विचच्या दोन टोकांत दीड व्होल्टची तूट होती. दीड गुणिले 9 म्हणजे साधारण 13 वॉटची उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. संपर्क बिघडला की ताप वाढतो, तापाने प्लॅस्टिक मऊ होतं, पट्टीचा दाब कमी होतो आणि संपर्क आणखी बिघडतो. पॉलिश पेपरने ठिपका घासून महिनाभर चालला असता, पण वितळलेल्या प्लॅस्टिकवर रात्रीचा भरवसा ठेवायला मन झालं नाही. नवा स्विच आणला. बसवण्याआधी दोन्ही स्विचच्या पिना आणि वायरचे रंग ताडून पाहिले, प्रत्येक स्थिती मल्टिमीटरने तपासली.

सोबत अप्परला एक आणि डिप्परला एक असे रिलेही घातले. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर रिलेला, रिलेपासून दिव्यांना. रिलेच्या कॉइलला अर्धा अॅम्पिअरही लागत नाही, आता स्विचला तेवढंच काम. एक मात्र बघा, काही जुन्या गाड्यांत हा स्विच प्लस जोडत नाही, मायनस जोडतो. ते मोजून खात्री केल्याशिवाय रिलेची वायर जोडू नका.

बसवताना इंडिकेटरची दांडी मधोमध ठेवली, नाहीतर स्टिअरिंग खाली दाबताना नवं नाक मोडतं. पांढरी रेघ जुळवली, नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळला, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी जोडली.

संध्याकाळी अंधार पडल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून अप्पर-डिप्पर पंचवीस-तीस वेळा केला. दांडी थंडगार. मग मुलीला घेऊन एक चक्कर मारली. डावं वळण घेतलं, स्टिअरिंग सरळ होत आलं आणि दांडी आपसूक ‘खट्’ करून जागेवर आली. मुलगी म्हणाली, "बाबा, अजून एकदा वळव ना."