२० लिटरच्या टाकीत अनुबियास नाना पेटिट: लावणी ते पहिली छाटणी

अनुबियास नाना पेटिट हे माशांच्या टाकीत पाण्याखाली वाढवायचं छोटं झाड. सेटअप साधा आहे: २० लिटर पाणी, स्पंज फिल्टर, ५ वॅटचा एलईडी दिवसाला ६ तास, तापमान २४ ते २६ अंश. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वेगळा सोडलेला नाही, आणि या झाडाला त्याची गरजही नाही. ड्रिफ्टवूडच्या (टाकीत ठेवायच्या लाकडाच्या) एका फांदीवर तीन तुकडे लावले आहेत, प्रत्येकाला पाच-सहा पानं.

लावणीत सगळा कस रायझोमवर लागतो. रायझोम म्हणजे पानं आणि मुळं जिथून फुटतात ते आडवं, हिरवं, जाड खोड. ते वाळूत किंवा सॉइलमध्ये (टाकीच्या तळाच्या मातीत) गाडलं की कुजतं. मुळं खाली गेली तरी चालतात, रायझोम मात्र पाण्यात उघडाच हवा. कुंडीतली रॉकवूल (मुळांभोवतीची लोकरीसारखी धागेदार भर) चिमट्याने पूर्ण काढायची, शेवटचे धागे वाहत्या पाण्याखाली. लांब मुळं दोन सेंटिमीटरवर कापली तरी बिघडत नाही, नवीन येतात. मग लाकडाची जागा फडक्याने टिपून सुपरग्लू जेलचा तीन-चार मिलिमीटरचा एक थेंब टाकायचा आणि रायझोमची खालची बाजू दहा-पंधरा सेकंद दाबून धरायची. पातळ सुपरग्लू लाकडात झिरपून जातो, म्हणून जेलच घ्या. पाण्यात ग्लू पांढरा पडतो, त्याने माशांना काही होत नाही. वाढीच्या टोकाला मात्र ग्लू लागू देऊ नका, कोंब तिथेच अडतो. टोकापुढे थोडं लाकूड मोकळं सोडलं तर रायझोमला सरकायला वाट मिळते.

पहिला महिना: वरून पाहिलं तर काहीच घडत नाही. एक-दोन जुनी पानं पिवळी पडतात, कारण नर्सरीतलं झाड बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवलेलं असतं. लाकडाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून बघा: फिकट टोकांची मुळं चिकटू लागलेली दिसतात. त्यानंतर टोकातून नवीन पान येतं, घट्ट गुंडाळलेलं, पोपटी, उजेड आरपार दिसेल इतकं नाजूक. उलगडून गडद व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. एका टोकाला महिन्याला एखादं पान आलं तरी वाढ चांगली चालली आहे असं समजा.

दुसऱ्या महिन्यापासून खरी लढाई शेवाळाशी. एकेक पान वर्षभराहून जास्त टिकतं, त्यामुळे शेवाळाला बसायला निवांत जागा मिळते. कडक हिरवे ठिपके आले तर प्रकाश जास्त आहे किंवा फॉस्फेट कमी पडतंय. तास कमी करा आणि झाड मोठ्या झाडाच्या किंवा लाकडाच्या सावलीत घ्या. वाढ मंद वाटते म्हणून दिवा दहा तासांवर नेणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. पानांच्या कडेला काळी दाढी (केसांसारखं काळं शेवाळ) आली तर लाकूड बाहेर काढून त्या जागी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने लावा, तीन-चार मिनिटांनी धुऊन परत ठेवा. काही दिवसांत दाढी गुलाबी पडून मरते.

खत पाण्यातच द्यायचं, रूट टॅबचा (मुळांजवळ पुरायच्या खताच्या गोळीचा) इथे उपयोग नाही. सर्वसमावेशक द्रवखताचा अर्धा डोस आणि आठवड्याला २५-३० टक्के पाणीबदल पुरतो. नवीन पानं पिवळट येत असतील तर लोह कमी आहे. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम.

पान पिवळं न पडता देठापासून सहज सुटून आलं, तर लगेच रायझोम दाबून बघा. मऊ, तपकिरी आणि दुर्गंधी असेल तर कूज आहे. स्वच्छ ब्लेडने आतला घट्ट हिरवा गर दिसेपर्यंत कापा. थोडीही कूज राहिली तर ती पुढे सरकते.

छाटणी टोक चांगलं वाढल्यावरच. प्रत्येक तुकड्याला किमान तीन-चार पानं राहतील असा काप घ्या. वेगळं लावायची घाई नसेल तर काप घेऊन दोन्ही भाग जागेवरच सोडा. मागच्या भागातून बाजूचा कोंब फुटतो आणि झुडूप दाट होतं.