भाकरी, ठेचा आणि न आलेला रिपोर्ट

मी मूळचा जत तालुक्यातला. नोकरीसाठी सांगलीत खोली घेऊन राहिलो, त्याला चार वर्षं झाली. माळकरी असल्यानं अंडं-मटण नाही, दुधानं पोट फुगतं म्हणून चहाही कोरा. दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी आणि ठेचा. आजा भाकरीवरच नव्वदीपर्यंत जगला हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळं काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. गेल्या पावसाळ्यात तळपायाला मुंग्या यायला लागल्या, मग जिना चढताना दम लागायला लागला.

डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं आणि सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी आणि बी-12 या जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली. सीबीसी त्याच संध्याकाळी मिळालं. बी-12 चं सॅम्पल पुण्याला जातं, परवा या, म्हणाले.

परवा गेलो, "उद्या या." उद्या गेलो, सर्व्हर बंद. चौथ्या दिवशी तासभर बसवून सांगितलं, की नळीवरचं वय आणि पावतीवरचं वय जुळत नाही म्हणून सॅम्पल गेलंच नाही. चार दिवस हे कुणी फोन करून सांगू शकत नव्हतं? पावती हातात पडली की नाव-वय तिथंच वाचा, मी वाचलं नव्हतं. पुन्हा रक्त दिलं. दरम्यान मुंग्या सहन होईनात म्हणून मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. आठव्या दिवशी रिपोर्ट आला, तो नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळं आकडा वर गेलाय. तपासणीआधी गोळी घेऊच नका. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड तर त्याहून वाईट, रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून खराब होत राहतात. सुदैवानं पहिल्या सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, जास्त म्हणजे 108 होता, म्हणजे तांबड्या पेशी फुगलेल्या. त्यावर आणि लक्षणांवर त्यांनी बी-12 ची इंजेक्शनं सुरू केली.

त्या लॅबच्या बाकावर बसून मी फोनवर बरंच वाचलं. ज्वारीत बी-12 नसतंच, कुठल्याच धान्यात नसतं, ते दूध-ताक, अंडी-मटण अशा खाण्यातून मिळतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून उशिरा कळतं. नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्यांना पेलाग्रा हा नायसिन या दुसऱ्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार होऊ शकतो, त्यावर हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया या आहारशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये लिहून ठेवलंय. आयर्लंडचे गरीब लोक बटाट्यावर जगायचे, पण सोबत ताक असायचं. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा मात्र दुसरं पीकच हाताशी नव्हतं.

ताक वाचलं आणि तिथूनच आईला फोन लावला. आजा नेमकं काय खायचा? ती म्हणाली, "अरं, भाकरीबरोबर ताकाचा तांब्या असायचाच की. हुलग्याचं माडगं, मटकी, पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, थंडीत हरभऱ्याची भाजी." ज्वारीत लायसिन हा प्रथिनातला घटक कमी, ते हुलगा-मटकी भरून काढते. 'भाकरीवर जगला' म्हणताना बाकीचं ताट कुणी मोजलंच नव्हतं, आणि मी तेवढं एक वाक्य घेऊन सांगलीला आलो.

आता दुपारी ताक घेतो, त्यानं पोट फुगत नाही. मटकी रोज रात्री भिजत घालतो. इंजेक्शनं आधी दिवसाआड होती, आता महिन्याला एक. दम गेला, मुंग्या गेल्या. डाव्या अंगठ्याची बधिरता अजून आहे.