दोन एकरांचा सौदा

यवतमाळ जिल्ह्यातील एका उपजिल्हा रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मी डॉक्टर म्हणून काम करते. मागच्या ऑगस्टमध्ये धुऱ्यावरचे गवत कापताना घोणस चावलेला चाळिशीतला एक शेतकरी आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते. कोरड्या काचेच्या नळीत घेतलेले त्याचे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवून मी नळी आडवी केली, तर ते पाण्यासारखे वाहिले. प्रतिविष दिल्यावर रक्त गोठू लागले, पण तोवर विषाचा घाव मूत्रपिंडांवर बसला होता. लघवी जवळजवळ थांबली, मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्तात साचणारे क्रिएटिनिन ९ च्या पुढे गेले आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले.

सतराव्या दिवशी सकाळी त्याचा धाकटा भाऊ माझ्या टेबलापाशी आला. एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात दोन एकरांच्या सौद्याची इसार पावती. मोठ्या शहरातील एका दवाखान्याची जाहिरात त्याला कोणीतरी पाठवली होती. स्टेम सेलपासून काढलेल्या एक्सोसोमचे इंजेक्शन घ्या, किडनी पूर्ववत होईल, असा तिचा दावा होता. “मॅडम, वावर पुन्हा घेता येईन, भाऊ कुठून आनू?” एवढेच तो म्हणाला.

त्या जाहिरातीतील सगळेच खोटे असते, तर माझे काम सोपे होते. मूळ संशोधन खरे आहे आणि मी ते बऱ्याच वर्षांपासून आस्थेने वाचत आले आहे. मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, शरीरात सोडल्या की त्या मूत्रपिंडात रुजतात आणि तिथल्या पेशी बनतात, अशी सुरुवातीची कल्पना होती. प्रत्यक्षात फारच थोड्या पेशी तिथे टिकतात आणि तरीही प्राण्यांमध्ये इजा भरून येते, असे दिसले. मग लक्ष गेले ते या पेशी बाहेर टाकत असलेल्या सूक्ष्म पुटिकांकडे, म्हणजे इवल्या पिशव्यांकडे. त्यांतल्या एक्सोसोम म्हणवल्या जाणाऱ्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या कितीतरी पटींनी लहान असतात आणि त्यांच्या पोटात प्रथिने व आरएनए, म्हणजे पेशींसाठीच्या सूचना वाहणारे रेणू, असतात. इटलीतील तुरिन येथील कामुस्सी यांच्या गटाने २००९ मध्ये मूत्रपिंडाला इजा केलेल्या उंदरांना केवळ अशा पुटिका दिल्या, तेव्हा अख्ख्या पेशी दिल्यासारखाच गुण आला. पुटिकांतला आरएनए आधीच नष्ट केला, तर तो गुण गेला. मला हा प्रयोग आजही विलक्षण वाटतो.

हे त्या भावाला कसे सांगायचे? मी म्हटले, “भाऊ, कपाशीत तूट पडली की तुम्ही नांग्या भरता ना? किडनीच्या नळ्यांतल्या पेशी विषाने मेल्या, तरी शेजारच्या जित्या पेशी वाढून ती जागा स्वतःच भरतात. या पुटिका म्हणजे नवे बी नव्हे. उभ्या पिकाला वाढ म्हणून सांगणारा तो निरोप आहे. पण हा निरोप माणसात नीट पोचतो का, किती द्यायचा, कधी द्यायचा, हे अजून ठरलेले नाही.” इजिप्तमध्ये जुनाट मूत्रपिंडविकाराच्या ४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा पुटिकांच्या चाचणीत सुधारणा दिसली होती, हेही मी लपवले नाही, मात्र तो आजार वेगळा आणि रुग्ण मोजके. हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडे बिघडलेल्या १५६ रुग्णांच्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत काहींना अख्ख्या मूळपेशी देऊन पाहिल्या, तेव्हा ते इतरांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत, हा निष्कर्ष २०१८ चा. शिवाय अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये अशा विक्रीबद्दल लोकांना सावध करताना, एकाही एक्सोसोम उत्पादनाला आपली मंजुरी नाही, असे स्पष्ट केले होते.

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग भाऊ बरा होईन ना?” त्याला हो म्हणावे, असे मला फार वाटत होते. पण घोणशीच्या विषाने कधीकधी मूत्रपिंडाचा बाहेरचा थरच मरतो आणि मग ते पूर्णपणे सावरत नाही, हेही त्याला कळायलाच हवे होते. नळ्यांपुरतीच इजा असेल तर काही आठवड्यांत लघवी वाढू लागते, तोवर डायलिसिसने माणूस तगवायचा असतो, आणि ते योजनेतून इथेच मोफत होत आहे, असे मी सांगितले. मग त्याला खाटेपाशी नेऊन मोजपात्र दाखवले. आदल्या चोवीस तासांची लघवी ६० मिलिलिटर होती.

त्याने खिशातून निंदणाच्या मजुरीची वही काढली, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि ६० लिहिले. दुपारच्या एसटीने तो इसार परत करायला गावी गेला. संध्याकाळी परतल्यापासून मोजपात्र त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय नर्सताईंनी कधी रिकामे केले नाही. त्या पानावर पुढे ९०, ८०, १४० असे आकडे उतरत गेले. चोविसाव्या दिवशी तिथे ४१० लिहिलेले होते, आणि त्या आठवड्यातले तिसरे डायलिसिस मी पुढे ढकलले.