बँकॉकच्या अफवा आणि आमच्या गल्लीतल्या पोराचा पासपोर्ट

काल संध्याकाळपासून डोक्यात एकच गोष्ट चाललीय, झोप पण नीट नाही लागली, म्हणून सरळ लिहायला बसले. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर बँकॉकहून माहेरी, लातूरकडच्या औशाला आलेय मी. काल शेजारच्या काकू धाकट्या पोराला घेऊन आल्या, "तू तिकडंच ऱ्हातीस ना माय, ह्याला थायलंडला नोकरी लागलीय, पंधरा दिवसांत जायलाय, जरा सांग की तिकडचं कसं काय असतंय."

पोरगं बीकॉम झालेलं, चेहरा नुसता फुललेला. डेटा एंट्रीचं काम, महिना 80 हजार पगार, राहणं-खाणं कंपनीकडं. व्हिसा कोणता मिळाला विचारलं तर म्हणाला, "व्हिसा लागतच नाही ताई, इंडियनला फ्री आहे, वर्क परमिट तिकडं गेल्यावर काढून देणारेत." गाव कुठलं रे, तर फोनमध्ये बघून म्हणाला मे सोत. हातातला चहाचा कप मी खालीच ठेवला.

का ठेवला ते सांगते, पण आधी तिकडं आम्ही कसे राहतो ते सांगायला पाहिजे, नाहीतर ह्या एजंटचं खोटं एवढं खरं का वाटतं ते कळणार नाही.

सात वर्षं झाली बँकॉकला, बांग ना भागात राहतो, नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि मी त्याच्या व्हिसावर, म्हणजे मला तिथं नोकरी करता येत नाही. थाई भाषा बाजारापुरती येते पण लिपी वाचता येत नाही, आणि खरी अडचण इथंच आहे. नोटीस लागली, बातमी आली, इमिग्रेशनचा नियम बदलला, सगळं आधी थाईत येतं आणि आपल्यापर्यंत येतं ते कुणीतरी कुणाला सांगितलेलं. तिकडच्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर रोज काहीतरी असतंच, पुढच्या महिन्यापासून 90 दिवसांचं रिपोर्टिंग बंद, परदेशी लोकांची बँक खाती बंद, इंडियन लोकांना कॉन्डो भाड्यानं देऊ नका असा आदेश निघाला. फोडणीच्या वासावरून कुरकूर करणारे घरमालक असतात हे खरं आहे, मी ऐकून घेतलेलं आहे, पण तसा आदेश काही कुठं निघालेला नाही.

90 दिवसांचं म्हणजे असं की लाँग स्टेवाल्या माणसानं दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला कळवायचं, मी इथंच राहते म्हणून. चुकलं तर 2,000 बाथ दंड, म्हणजे पाचेक हजार रुपये. व्हिसा संपून राहिलात तर दिवसाला 500 बाथ, 20 हजारांपर्यंत. शिवाय घरात परदेशी माणूस आला की घरमालकानं 24 तासांत कळवायचं, त्याला सगळे टीएम 30 म्हणतात. आमच्या मालकीणबाई चांगल्या आहेत, मी त्यांना पी म्हणते, आपण ताई म्हणतो तसंच ते. पण हे सगळे कागद गळ्यातल्या दाव्यासारखे असतात, जनावराला चरताना कळत नाही, दावं ताणलं की कळतं.

ह्यावेळी निघताना तेच झालं. आई बाथरूममध्ये घसरली असा रात्री फोन आला, सकाळचं तिकीट काढलं. व्हिसा चालू असताना देशाबाहेर जायचं तर री-एन्ट्री परमिट लागतं, नाहीतर बाहेर पडल्याबरोबर व्हिसाची मुदतवाढ रद्द होते. पण आदल्याच आठवड्यात ग्रुपवर एकीनं छातीठोक लिहिलं होतं की आता सगळं ऑनलाइन झालंय, परमिट काढायची गरज नाही, आणि त्या गडबडीत मी ते खरं धरलं. नवऱ्याला टॅक्सीत आठवलं म्हणून बरं. सुवर्णभूमी एअरपोर्टवर चेक-इन झाल्यावर आतमध्ये त्याचं काउंटर असतं, तिथं फॉर्म, फोटो, 1,000 बाथ भरले आणि एकदाच जाऊन यायचं परमिट घेतलं. शिक्का बसेपर्यंत माझे हात थरथरत होते, कारण आई इकडं, लेकरू तिकडं शाळेत, आणि परत जायची वाट त्या एका शिक्क्यावर. जिनं लिहिलं होतं तिच्यावर राग नाही, तिलाही कुणीतरी सांगितलंच असणार.

28 मार्च 2025 ला तर अफवा काय करते ते पूर्ण बघितलं. दुपारी दीडच्या आत-बाहेर, मी भाकऱ्या थापत होते (ज्वारीचं पीठ आणि येसर इथूनच नेते मी दरवेळी), एकोणिसावा मजला. आधी वाटलं चक्कर आली. मग बघितलं तर कणगुल्यातलं पीठ परातीत सांडायलंय आणि भिंतीवरचा गणपती डावी-उजवीकडं डुलायलाय. गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानं जिना धरला, एकोणीस मजले, खाली आले तेव्हा रेलिंगवर माझ्या पिठाचे हात उमटले असतील. भूकंप म्यानमारमध्ये होता, 7.7 चा, पण बँकॉकमध्ये चतुचाककडं बांधकाम चालू असलेली तीसेक मजल्यांची सरकारी इमारत पूर्ण खाली बसली, बरीच माणसं गेली.

मोबाईलवर सरकारी इशारा वेळेत आला नाही, आणि जी जागा रिकामी राहिली ती अफवेनं भरली. रात्री अकराला 8 चा येणार, नासानं सांगितलंय, सगळ्यांनी बाहेर या. नेटवर्क जाम, मुलीच्या शाळेत फोन लागेना, नवरा तीन तास चालत आला. माझ्या ओळखीची एक तेलुगू बाई बाळाला घेऊन रात्रभर पार्कमध्ये बसली. भूकंपाची वेळ आणि आकडा आधी सांगायचं तंत्र जगात कुणाकडं नाही, नासाकडं पण नाही, हे मी ग्रुपवर चार वेळा लिहिलं. मला हे एवढं ठामपणे सांगता आलं कारण मी किल्लारीच्या भूकंपातली आहे, किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाची रात्र सरून पहाटे चारच्या आत, जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा सात वर्षांची. औशात आमचं घर उभं राहिलं पण पुढं कित्येक महिने सगळी गल्ली अंगणात झोपायची, कारण रोज संध्याकाळी कुणीतरी यायचं आणि सांगायचं, आज रात्री त्याच्यापेक्षा मोठा येणारंय म्हणं.

बँकॉकहून त्या दिवशी औशाला फोन लागायला संध्याकाळ झाली. इकडं टीव्हीवर ती एकच इमारत पुन्हा पुन्हा पडताना दाखवायलेत, आईला वाटलं बँकॉकच गेलं. भाऊ नंतर म्हणाला, माझ्याशी बोलून झाल्यावर सुद्धा आईनं त्या रात्री अंथरूण उचललं आणि अंगणात जाऊन झोपली, इथं औशात, जिथं काहीच हललं नव्हतं. ती म्हणाली, लेकीच्या डोक्यावर छत हलायलंय तर मी आत कशी झोपू.

बाकीच्या अफवा त्या मानानं लहान. 2024 पासून बाहेरून आणलेल्या पैशांवर टॅक्सचा नियम बदललाय, वर्षात 180 दिवस तिथं राहणाऱ्यांना तो लागू आहे, त्यावर तर रोज नवा शोध असतो. मे 2025 पासून यायच्या आधी जे डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं ते पूर्ण फुकट आहे, तरी माझ्या नणंदेकडून एका वेबसाइटनं पैसे घेतले. आणि राजघराण्याबद्दल आलेलं काहीही पुढं पाठवू नका, कलम 112 खाली 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे, ती परदेशी माणसालाही होते.

आता मे सोत. हे गाव थायलंडच्या पश्चिम टोकाला, मध्ये मोएई नदी आणि पलीकडं म्यानमारचं म्यावड्डी. नोकरीच्या नावानं पोरांना बँकॉकला उतरवतात, गाडीनं मे सोतला नेतात, रात्री नदी पार करतात, आणि पलीकडच्या कंपाउंडमध्ये पासपोर्ट-फोन काढून घेऊन ऑनलाइन लोकांना फसवायचं काम करून घेतात, नाही केलं तर मारतात, सोडायला पैसे मागतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं 2022 मध्येच ह्याबद्दल इशारा दिलाय. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ह्याच मे सोतहून दोन दिवसांत 549 भारतीयांना परत आणलं. ग्रुपवर हे आलं तेव्हा मला आधी ही पण अफवाच वाटली होती. ती खरी निघाली.

मी पोराला समोर बसवून सांगितलं. व्हिसा फ्री आहे तो फिरायला, त्यावर काम करणं गुन्हा आहे. खरी कंपनी निघायच्या आधीच नॉन इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचे कागद पाठवते. एका परदेशी माणसाच्या वर्क परमिटसाठी तिथल्या कंपनीला साधारण 4 थाई कामगार आणि 20 लाख बाथचं भांडवल दाखवावं लागतं, मग डेटा एंट्रीला औशाहून माणूस कोण नेईल रे बाबा? त्यानं माझ्यासमोर एजंटला फोन लावला आणि नॉन बी चे कागद मागितले. समोरून, "भाऊ, आपल्याला विश्वास नसंल तर राहू द्या, दुसरी पोरं लायनीत आहेत." फोन कट. त्यानंतर उचललाच नाही.

पोरगं लई वेळ काही बोललंच नाही. मग हळूच म्हणालं, ताई, पासपोर्ट आणि साठ हजार त्यांच्याकडंच आहेत. काकूंनी तोंडाला पदर लावला, ते साठ हजार सोयाबीनचे होते.

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं काका आणि माझा भाऊ त्या एजंटच्या ऑफिसला जायलेत, तिथून गरज पडली तर पोलीस स्टेशनला. आईला वहिनी बघणारंय, मी पण त्यांच्यासोबत चाललेय. निलंगा, उदगीर, अहमदपूर, कुठूनही कुणाचं पोरगं ह्याच गावाचं नाव घेऊन निघालं असंल तर त्याला थांबवा आणि मला सांगा.